दोन दिव्यांवर

"सोळा केलेलं मी. काल संध्याकाळी माझ्या हातानं सोळा केलेलं. मग आज तीन दिवे कसे पेटले?"

"मला काय माहीत? मी बघत बसतो काय तुमचे दिवे?"

"माझे दिवे? घरचा इन्व्हर्टर आहे तो. परत छत्तीस केलंस तू."

"नाही केलं."

"मग काय उंदरांनी केलं?"

"बाबा, मागे केलेलं तेव्हा कबूल केलं ना? दोनदा केलं, दोन्ही वेळा तोंडावर सांगितलं. या वेळी नाही केलं."

"दोनदा कबूल केलंस म्हणून तिसऱ्यांदा विश्वास ठेवू?"

"माझ्या कॉम्प्युटरचा स्पीड मी वाढवला तर मी गुन्हेगार. आणि तुम्ही मला न विचारता बायोसमध्ये शिरून त्याचा बैल करता, ती काय समाजसेवा?"

"हळू बोला रे," आतल्या खोलीतून आवाज आला. धाप लागलेला, तरी खणखणीत. "ओरडून ओरडून घरातला सगळा वारा तुम्हीच संपवताय. मना थोडा ठेवा."

टिटवाळ्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये समोरासमोरच्या दोन दारांत चार पावलांचं अंतर. शुक्रवारी दुरुस्तीसाठी म्हणून वीज जायची, की दोन्ही घरं वाऱ्यासाठी दारं उघडी टाकायची, आणि मग समोरच्या घरातलं भांडण आमच्याच घरात चालल्यासारखं ऐकू यायचं. भांडण बहुतेक वेळा याच एका गोष्टीवरून. कॉम्प्युटर हळू चालवायचा की जोरात.

ऐकणाऱ्याला हसू यावं असं ते होतं. सुरुवातीला आम्हीही हसायचो.

समोर राहायचे शिवरामकाका, त्यांची बायको कलावतीकाकी आणि मुलगा दर्शन. मूळचे ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातले. काकांच्या वडिलांची खाडीत होडी होती. खाडीचं पाणी काळं पडत गेलं, जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलं, तेव्हा वडिलांनी शिवरामला होडीत बसूच दिलं नाही. तो वागळे इस्टेटमध्ये लागला, स्टॅबिलायझर आणि यूपीएस बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. तयार झालेला डबा टेबलावर घ्यायचा, त्याच्यावर दिव्यांचा भार टाकायचा, किती वेळ तग धरतो ते बघायचं आणि शिक्का मारायचा. उभा जन्म त्यानं हेच केलं. संध्याकाळी सगळे गेले की शेडचा मेन स्विच खाली पाडायचं काम त्याच्याकडे. ते त्याला कुणी दिलेलं नव्हतं, त्यानंच घेतलेलं.

कंपनी बंद झाली. त्या जागी आता काचेची इमारत आहे. वाट्याला आलेल्या पैशांत काकांनी टिटवाळ्याला हे घर घेतलं, पण मेन पाडायची सवय काही सुटली नाही. रात्री जेवणं झाली की ते घरभर फिरायचे आणि भिंतीवरचं एकेक बटण बंद करायचे. टीव्ही, मिक्सर, चार्जर, कॉम्प्युटर. टक, टक, टक. आमच्या भिंतीतून ऐकू यायचं. माझी आई म्हणायची, शिवरामभावजींची आरती झाली, झोपा आता.

"काका, नुसत्या लाल ठिपक्यानं कितीशी वीज जाते हो?" मी एकदा विचारलेलं.

"जाते ती जाते. ठिपका कशाला जागा ठेवायचा? माणसं झोपली, तर त्यालाही झोपू दे की."

एकच बटण त्यांनी कधी बंद केलं नाही. त्याच्यावर चिकटपट्टी मारलेली होती, आडवी-उभी दोन वेळा, म्हणजे चुकूनही कुणाचा हात पडू नये. ते काकींच्या ऑक्सिजनच्या मशीनचं बटण.

काकींची फुप्फुसं वाळत चालली होती. डॉक्टरांनी शब्दच तो वापरला. काकींनी ठाण्याच्या बाजारात कितीतरी वर्षं सुकी मासळी विकलेली. दवाखान्यातून आल्या त्या दिवशी मला म्हणाल्या, "ऐकलंस काय गो श्रिया? जन्मभर बोंबील वाळवले, आता मीच वाळले. आतून."

"काकी, असं काय बोलता!"

"काय बोलू मग? बोंबलाला तरी गिऱ्हाईक असतं."

मशीन त्यांच्या पलंगाशेजारी उभं. गुडघ्याएवढं, चाकं लावलेलं. सुस्कारा टाकायचं, थांबायचं, परत सुस्कारा. त्याची नळी काकींच्या नाकात, आणि नळी पुरेल तेवढं त्यांचं घर. मोरीपर्यंत पुरायची. स्वयंपाकघरात ओट्याच्या अलीकडच्या टोकापर्यंत पुरायची. गॅलरीत पुरायची, पण कठड्याला टेकता यायचं नाही. दर्शनच्या खोलीत मात्र पुरायची नाही. दारापर्यंत जाऊन त्या उभ्या राहायच्या आणि तिथूनच त्याच्यावर तोंड सोडायच्या. "अरे खिडकी उघड, घामाचा वास मारतोय! मना इथवर येतो, तर तिथं काय झालं असंल?"

दर्शन व्हिडिओ करतो. हळदी, लग्नं, साखरपुडे, गोविंदाच्या दिवसात टेंभी नाका. शूटिंग एक रात्र, आणि मग खोलीत बसून त्याचं कापणं-जोडणं आठवडाभर. शेवटी कॉम्प्युटरला काम लावून द्यायचं, की तो तासन्‌तास एकटाच घरघरत फिल्म शिजवत बसतो. मध्ये बंद पडला की पहिल्यापासून. आणि हळदीच्या घरची माणसं तर दुसऱ्या दिवसापासून फोन करतात. "दादा, आमचा नाच आला का?"

तर शुक्रवारी वीज गेली, की त्या घरात एका इन्व्हर्टरवर दोन गोष्टी चालायच्या. काकींचा श्वास आणि लोकांची हळद.

कॉम्प्युटर बंद कर म्हटलं तर दर्शनचं काम बुडायचं. चालू ठेव म्हटलं तर बॅटरी लवकर उतरायची. काकांनी यावर बरेच दिवस डोकं चालवलं. शेवटी ते कल्याणला गेले, ज्या दुकानातून कॉम्प्युटर जोडून आणलेला तिथे, आणि दुकानदाराला म्हणाले, "गाडीला कसा गिअर असतो, तसं याला काही नाही काय?"

"आहे ना काका. पण लोक वाढवायला येतात. कमी करायला तुम्ही पहिलेच."

त्यानं दाखवलं. कॉम्प्युटर सुरू होताना, स्क्रीनवर काहीही यायच्या आधीपासून, डिलीटचं बटण दाबत राहायचं. मग बायोसचा निळा पडदा येतो. तो विंडोजचा नाही, आतल्या मदरबोर्डचा स्वतःचा. तिथे खाली खाली गेलं की प्रोसेसरचा आकडा असतो. दर्शनच्या कॉम्प्युटरचा छत्तीस होता. काकांनी तो सोळा केला. प्रोसेसरच्या कामाचा जो ठेका असतो तो निम्म्याहून खाली आणला. ठेका कमी झाला की वीज कमी लागते, गरमी कमी होते, आतला पंखासुद्धा घुमायचा थांबतो.

इन्व्हर्टरवर भार दाखवणारे चार दिवे होते. कॉम्प्युटर छत्तीसवर असला की वीज गेल्यावर तीन पेटायचे. सोळावर असला की दोन. दोन दिव्यांवर बॅटरी वीज परत येईपर्यंत काढायची. तीनवर नाही काढायची. काकांना दुसरं काही नको होतं. घर दोन दिव्यांवर राहायला हवं.

दर्शनला पहिले काही दिवस कळलंच नाही. विंडोजमधून कमी केलं असतं तर लगेच दिसलं असतं. हे मुळातच केलेलं. तो बिचारा व्हायरस शोधत बसला. कळलं तेव्हा जे भांडण झालं ते खालच्या वॉचमननंसुद्धा ऐकलं.

"अहो, हळू केलं की काम दुप्पट वेळ चालतं! वीज शेवटी तेवढीच जाते. हिशोब करा की!"

"वीज किती जाते हा प्रश्नच नाय. वीज नसताना किती जाते, हा प्रश्न आहे."

त्यानंतर दर्शननं दोनदा गुपचूप परत छत्तीस केलं, आणि दोन्हीदा पकडला गेला.

त्या शुक्रवारी तिसऱ्यांदा तीन दिवे पेटले. बॅटरी मध्येच उतरली. काकांना घरातला ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर काढावा लागला, अडीअडचणीसाठी ठेवलेला. वीज येईस्तोवर तो जवळजवळ रिकामा झाला. आणि मग सुरू झालं ते हे भांडण, सुरुवातीला सांगितलेलं.

"मी हात लावलेला नाही, बाबा. आईशप्पथ."

"तुम्हा पोरांची आईशप्पथ! नाक्यावर चहा घेताना चार वेळा घेता. वडापाव गरम होता, आईशप्पथ. सिग्नल लाल होता, आईशप्पथ."

"मग काय स्टँपपेपरवर लिहून देऊ?"

"दर्शन," काकींनी हाक मारली. "हिकडं ये. तुम्हीपण या. श्रिया, तू पण ये गो, साक्षीदार पायजे."

मी दारातच उभी होते, तशीच आत गेले. काकी पलंगावर बसलेल्या. नुकतीच वेणी घातलेली.

"माझीच शपथ ना? मग मी जिवंत बसलेय समोर. हात ठेव नि घे. हवेत कशाला सोडतोस?"

"आई, काहीतरीच काय..."

"ठेव. आधी हात पूस. नंतर पण पूस, तेल लावलंय."

दर्शन हसला. काका हसले नाहीत. दर्शननं खरंच पँटला हात पुसला आणि आईच्या डोक्यावर ठेवला. मग हसू त्याच्या तोंडावरून गेलं. डोक्यावर हात ठेवला की आपोआप जातं ते.

"आईच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, यापुढे स्पीडच्या सेटिंगला मी हात लावणार नाही."

"झालं?" काकींनी काकांकडे बघितलं. "आता तुम्ही बोला. हा हात लावणार नाय. तुम्ही पण त्याच्या मागे पोलिसासारखं फिरायचं नाय."

कोळीवाड्यात डोक्यावर हात ठेवून घेतलेल्या शपथेवर होड्यांचे वाटे ठरलेले, असं काका मला नंतर एकदा म्हणाले.

"नाही फिरणार," ते म्हणाले. "आता बघणारसुद्धा नाही. विषय संपला."

वीज आली होती. ते दर्शनच्या खोलीत गेले, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, डिलीट दाबत राहिले, निळ्या पडद्यात गेले आणि शेवटचं म्हणून छत्तीसचं सोळा केलं. दर्शन मागे हाताची घडी घालून उभा. बाहेर येताना काका त्याच्या खांद्यावर हात मारून गेले.

रात्री आमच्या भिंतीतून नेहमीसारखं ऐकू आलं. टीव्ही, मिक्सर, चार्जर, कॉम्प्युटर. टक, टक, टक, टक.

तो आठवडा त्या घरात फार चांगला गेला. बापलेक एकत्र चहा प्यायला लागले. दर्शनचं कामही भराभर होत होतं. शपथ घेतली म्हणून म्हाताऱ्यानंच मन मोठं करून गुपचूप छत्तीस करून दिलं, असं त्याला वाटलं. हे त्यानंच मला पुढे सांगितलं. काकांना वाटत होतं सोळावरच चाललाय. शपथ मोडू नये म्हणून दर्शननं विचारलं नाही. शब्द दिला म्हणून काकांनी बघितलं नाही. आणि इन्व्हर्टरचे दिवे वीज जाईपर्यंत काही बोलत नाहीत.

पुढच्या शुक्रवारी दर्शन सकाळीच ठाण्याला गेला, एका पार्टीला हार्ड डिस्क द्यायला. जाताना कॉम्प्युटर कामाला लावून गेला. मोठी हळद होती कुणाची तरी. सिलिंडर भरून आणणारा टेम्पो आठवडाभर आलाच नव्हता, म्हणून काका स्वतः तो घेऊन कल्याणला निघाले.

"आज लाईट जायचेत," काकी म्हणाल्या.

"जाऊ दे. दोन दिव्यांवर आहे घर. लाईट यायच्या आत मी येतो."

मी घरी होते. वीज गेली, पंखा थांबला, मी दार उघडलं. समोरचं दार काकांनी जाताना ओढून घेतलेलं, किल्ली आमच्याकडे. आतून मशीनचा सुस्कारा ऐकू येत होता. मी डाळ लावली. कुकर होईपर्यंत आईशी फोनवर बोलत होते. मग कुठेतरी टूं, टूं असं वाजायला लागलं. खालच्या मजल्यावर कुणाची गाडी वाजत असेल असं वाटलं. आणि मग ते बंद झालं. त्याच्याबरोबर सुस्काराही.

मी किल्ली लावून आत गेले. पलंग रिकामा. नळी पलंगावरून खाली लोंबत होती. काकी दर्शनच्या खोलीच्या दारात जमिनीवर बसलेल्या, एक हात उंबऱ्याच्या आत. कॉम्प्युटर बंद पडलेला, स्क्रीन काळी. त्यांचे ओठ जांभळे झालेले.

"काकी!"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्याचं झालं काय बघ," त्या म्हणाल्या. निदान मला तसं ऐकू आलं.

लिफ्ट बंद होती. मी आणि वॉचमन, आम्ही दोघांनी त्यांना खुर्चीत बसवून जिन्यानं खाली आणलं. रिक्षात, मग ॲम्ब्युलन्समध्ये, मग कल्याणला. काकांना फोन केला तर ते तिथून जवळच होते, सिलिंडरच्या रांगेत. ते हॉस्पिटलमध्ये आले ते भरलेला सिलिंडर खांद्यावर घेऊनच. दारातला माणूस म्हणत होता, बाबा, हा आत नेता येणार नाही, इथे आहे आमच्याकडे. काका तो खाली ठेवायला तयारच नव्हते.

"बॅटरी कशी काय उतरली?" मला एवढंच विचारलं त्यांनी. "दोन दिव्यांवर उतरत नाय ती. मी भरलेली बघून गेलोय. नाय उतरत."

संध्याकाळी काकींचे कपडे न्यायला काका आणि मी घरी आलो. वीज आलेली होती. काकांनी चपलासुद्धा काढल्या नाहीत. सरळ दर्शनच्या खोलीत गेले, कॉम्प्युटर चालू केला आणि डिलीट दाबत राहिले. निळा पडदा आला. ते खाली खाली गेले. मी मागून बघत होते.

छत्तीस.

काकांनी काकींचे दोन गाऊन आणि टॉवेल पिशवीत भरला, आणि ते निघाले.

काकी त्यानंतर चार दिवस होत्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं संपलेलीच होती, वीज नसती गेली तरी फार दिवस नव्हते. दर्शननं ते वाक्य धरून ठेवायचा प्रयत्न केला. काकांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. ते मुलाशी बोलायचे थांबले होते.

एकदाच बोलले, दहाव्याला. काळू नदीच्या काठावर पिंड ठेवलेला. माझे बाबा तिथे गेलेले, त्यांनी सांगितलं. कावळे समोरच्या झाडावर ओळीनं बसलेले, पण एक खाली येईना. जमलेली माणसं एकेक करून हात जोडून बोलून गेली. सगळं नीट करू, काळजी करू नको, शिवरामला सांभाळू. कावळा हलेना. मग कुणीतरी दर्शनला पुढे ढकललं. तुझं काही राहिलं असेल तर बोल बाबा.

"मी सांभाळीन बाबांना," दर्शन म्हणाला.

कावळा नाही.

"कबूल कर," मागून काका म्हणाले. "तिच्या डोक्यावर हात ठेवून मोडलंस, ते कबूल कर. मग शिवेल."

"मी मोडलं नाही."

"दर्शन, बोलून टाक रे," कुणीतरी म्हणालं. "ऊन चढतंय. बोलल्यानं काय जातंय?"

"न केलेलं कसं बोलू? तिच्यासमोर परत खोटं बोलू?"

सगळे ताटकळले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववला. माणसं पाय धुऊन घरी आली. त्या दिवसापासून बिल्डिंगमध्ये सगळ्यांचं एकच मत झालं. मुलानं आईची शपथ मोडली, कावळासुद्धा शिवला नाही. वॉचमन त्याला बघून रस्त्याकडे तोंड करायचा. माझी आईसुद्धा म्हणाली, कामापुढे पोरांना काही दिसत नाही गं. मीही तेच मानून चालले होते. छत्तीस मी माझ्या डोळ्यांनी बघितलेलं.

तेरावं झाल्यावर दर्शननं कॉम्प्युटर विकायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं मला त्यांच्याकडे भाजी घेऊन पाठवलं. काका पलंगावर बसलेले. ऑक्सिजनचं मशीन न्यायला माणूस यायचा होता, म्हणून ते दारापाशी आणून ठेवलेलं, नळी गुंडाळून. भिंतीवरच्या बटणावरची चिकटपट्टी तशीच होती.

मी भाजी ओट्यावर ठेवली. तेवढ्यात दर्शन खोलीतून बाहेर आला. तळहातावर काहीतरी होतं. नाण्याएवढा चपटा सेल.

"बाबा, जरा आत येता?"

काका हलले नाहीत.

"दोन मिनिटं. श्रिया, तू पण ये. साक्षीदार पाहिजे."

हे शब्द कुठून आले ते तिघांनाही कळलं. काका उठले.

कॉम्प्युटरचं झाकण उघडलेलं होतं. दर्शननं खुर्ची ओढून दिली. "विकायच्या आधी सगळं पुसत होतो. नेट काढलेलं. तारीख बघितली तर कितीतरी वर्षं मागची. नेट असलं की ती आपोआप नीट होते, म्हणून कधी दिसलं नाही. हा सेल मदरबोर्डचा. मेलाय. आता परत आत बसवतो. तुम्ही फक्त तुमच्या हातानं सोळा करा."

"कशाला?"

"करा. मी लांब उभा राहतो. हात मागे बांधतो."

त्यानं सेल बसवला आणि खरंच हात मागे बांधून भिंतीला टेकला. काकांनी कॉम्प्युटर चालू केला. डिलीट. निळा पडदा. छत्तीसचं सोळा.

"आता बंद करा. आणि भिंतीवरचं बटणही बंद करा. रोज रात्री करता तसं."

टक.

"थांबा थोडं."

आम्ही थांबलो. बाहेर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली.

"आता बटण चालू करा. कॉम्प्युटर चालू करा. डिलीट नका दाबू. नुसतं बघा."

स्क्रीन काळी झाली, आणि तिच्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं उमटली. काका जवळ वाकून एकेक शब्द जुळवायला लागले. अर्थ एवढाच होता, की सेटिंग पुसली गेली आहे, तारीख-वेळ ठरवलेली नाही, पुढे जायला एफ वन दाबा. दर्शननं पुढे होऊन एफ वन दाबलं. मग सेटिंग उघडून आकडा दाखवला.

छत्तीस.

"वीज पूर्ण तोडली की हा सेल सेटिंग धरून ठेवतो," दर्शन म्हणाला. आवाज आधी शांत होता, मग राहिला नाही. "सेल मेला की सगळं पुसतं, पहिल्यासारखं होतं. छत्तीस. तुम्ही संध्याकाळी सोळा करायचात आणि रात्री बटण बंद करून पुसून टाकायचात. मी नाही मोडली शपथ. मी हात लावला नव्हता, बाबा. सगळ्या जगानं मला... नदीवर सगळ्यांच्या समोर तुम्ही..."

काका खुर्चीत तसेच बसले होते. त्यांची नजर भिंतीवरच्या बटणांवर गेली आणि तिथून खाली आली. एकदम म्हातारे दिसले ते. हात मांडीवर उलटे पडलेले. मला वाटलं, आता ते रडतील, किंवा मुलाचा हात धरतील. दर्शनलाही तसंच वाटलं असणार. तो वाट बघत उभा होता.

"ही काळी पाटी," काका हळूच म्हणाले. "मी कधी बघितली नाय ही."

"तुम्ही डिलीट दाबता. सरळ आत जाता. सकाळी नुसता चालू केला तरच दिसते."

"सकाळी कोण चालू करतो?"

दर्शननं स्क्रीनकडे बघितलं.

"रोज दिसायची तुला?"

"एफ वन दाबलं की जाते," दर्शन म्हणाला. "सगळ्यांच्याच जुन्या पीसीला येते ती, बाबा. कुणी वाचत नाही. स्टेशनजवळ मिळतो सेल. आणू, आणू म्हणता..."

वाक्य तिथेच राहिलं.

काकांनी पहिल्यांदा मान वर करून त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. टेबलावर डबा घेऊन त्याच्यात दोष कुठे आहे ते शोधताना बघत असतील, तसं.

"कधीपासून येत होती, दर्शन?"

दर्शननं कॉम्प्युटरचं बटण दाबून तो बंद केला. उघड्या झाकणातून बोट घालून सेल काढला, टेबलावर ठेवला. तो थोडा घरंगळला आणि काकांच्या हाताशी जाऊन थांबला. मग दर्शन खोलीतून बाहेर पडला, दारापाशी ठेवलेल्या मशीनला वळसा घालून चपला पायात सरकवल्या आणि जिन्यानं खाली गेला.